सोसायटीच्या आवारात सापडलेला नवरंग: त्याचे रूप, त्याच्या सवयी आणि त्याला केव्हा सोडावे

नमस्कार. आपला प्रश्न मी समजलो तो असा. जुळे सोलापुरातील आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आज पहाटे एक रंगीबेरंगी पक्षी जमिनीवर बसलेला आढळला. पाठ हिरवी, डोळ्यांवरून जाड काळा पट्टा, पोटाच्या खालच्या बाजूला भडक लाल रंग आणि शेपटी जवळजवळ नाहीच. काल रात्री सोसाट्याच्या वाऱ्यासह वळीव झाला होता. कावळे टोचायला लागले म्हणून आपण त्याला उचलून खोक्यात ठेवले. आईंनी ज्वारीचे दाणे आणि शिजलेला भात ठेवून पाहिला, पण त्याने चोचही लावली नाही. हा कोणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला परदेशी पक्षी असावा, त्याची शेपटी कापलेली असावी आणि पोटाला जखम झालेली असावी, अशी आपली शंका आहे. घरातील मुलांचा आग्रह पिंजरा आणण्याचा आहे. हा पक्षी कोणता आणि त्याला काय खाऊ घालावे, असे आपण विचारले आहे.

छायाचित्रावरून ओळख निःसंशय आहे. हा नवरंग आहे. तो परदेशी नाही, पाळीव नाही, आणि त्याची शेपटी कोणी कापलेली नाही. तो आपल्याच देशातील जंगलांचा पक्षी असून सध्या प्रवासात आहे. त्यामुळे त्याला काय खाऊ घालावे हा प्रश्न तूर्त दुय्यम आहे. त्याला कोणत्या वेळी, कोणत्या जागी सोडायचे आणि तोपर्यंत त्याच्याशी काय करायचे नाही, हे आधी ठरवायला हवे. मी पक्षी समक्ष पाहिलेला नाही, आणि पंखाच्या हाडाला इजा आहे की नाही हे छायाचित्रावरून सांगता येत नाही. म्हणून खाली लिहिलेल्या काही गोष्टी आपण स्वतः तपासल्यावरच निर्णय घ्यावा लागेल. तरीही या पक्ष्याचे रूप आणि सवयी नीट समजून घेतल्या, तर आपल्या बहुतेक शंका आपोआप मिटतील. माझ्याकडे दर वर्षी रोहिणी आणि मृगाच्या दिवसांत असे प्रश्न येतात, आणि मी प्रत्येकाला आधी पक्ष्याकडे नीट बघायला सांगतो.

आता खोक्याच्या भोकातून, पक्ष्याला हात न लावता, डोक्यापासून सुरुवात करून पाहा. माथा फिकट तपकिरी, बदामी रंगाचा असून त्याच्या मधोमध चोचीपासून मानेपर्यंत एक काळी रेघ गेलेली दिसेल. त्या बदामी रंगाच्या खालच्या कडेला बारीक पांढरी भुवई आहे. तिच्या खाली रुंद काळा पट्टा चोचीच्या मुळापासून डोळ्यावरून थेट मानेच्या मागे जातो. गळा पांढराशुभ्र, छाती आणि पोट मातकट पिवळसर. पाठ आणि खांदे हिरवे. पंखाच्या वरच्या भागी लखलखीत निळा ठिपका आहे, तसाच निळा रंग पाठीच्या टोकाला, शेपटीच्या मुळाशीही आहे. शेपटी काळी असून तिचे टोक निळे असते. उडण्याची मोठी पिसे काळी असतात आणि पंख उघडला की त्यांत पांढरा ठिपका झळकतो. बसलेल्या पक्ष्यात तो बहुधा झाकलेला राहतो. चोच जाडसर, मजबूत, आणि पाय लांब व गुलाबीसर. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात, म्हणून आपला पक्षी नर की मादी हे मी सांगू शकणार नाही.

आपल्याला खटकलेल्या दोन गोष्टी म्हणजे शेपटी आणि लाल रंग. नवरंगाची शेपटी मुळातच आखूड असते. चोचीपासून शेपटीपर्यंत त्याची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते आणि तीत शेपटीचा वाटा फारच थोडा. पंख मिटलेले असताना ती त्यांच्या टोकांबाहेर जेमतेम डोकावते. साळुंकी किंवा बुलबुल पाहायला सरावलेल्या डोळ्यांना हा पक्षी अर्धवट वाटतो आणि मांजराने शेपटी ओढली किंवा कोणी कापली असा समज होतो. शेपटीची पिसे खरोखर उपटली गेली असतील तर त्या जागी उघडी कातडी, रक्ताची खपली किंवा तुटलेल्या पिसांचे ओबडधोबड खुंट दिसतात. आपल्या छायाचित्रात पिसांची टोके एका ओळीत, सारखी आणि निळसर आहेत. ती पूर्ण शेपटी आहे.

लाल रंगाची गोष्ट अधिक महत्त्वाची, कारण त्याला रक्त समजून हळद लावल्याचे आणि जंतुनाशक औषध ओतल्याचे प्रकार मी पाहिले आहेत. पोटाच्या खालच्या भागापासून शेपटीखालपर्यंत पसरलेला किरमिजी लाल रंग हा पिसांचाच रंग आहे. तो दोन्ही बाजूंना सारखा असतो, पिसे कोरडी आणि मोकळी असतात. रक्त असते तर पिसे एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या झाल्या असत्या आणि तासाभरात तो रंग काळपट तपकिरी पडला असता. शंका राहिलीच तर पाण्याने किंचित ओलावलेला कापूस त्या पिसांवरून एकदाच हलक्या हाताने फिरवून पाहा. कापसाला रंग लागला नाही तर विषय संपला. औषध मात्र काहीही लावू नका, कारण तेलकट मलमाने पिसे चिकटतात आणि पक्ष्याला उडता येत नाही.

इतका रंगीत पक्षी जंगलात तर लगेच उठून दिसत असेल, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात गर्द झाडीत वावरणारा नवरंग दहा पावलांवर असूनही दिसत नाही. त्याचे भडक रंग एकतर पोटाखाली असतात, जे जमिनीकडे वळलेले राहतात, किंवा पंखावर असतात, जे सावलीत विझल्यासारखे होतात. पक्ष्यांच्या पिसांतील निळा रंग हा रंगद्रव्याचा नसतो; पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तो निर्माण होतो. म्हणून तोच पंख सावलीत काळपट दिसतो आणि उन्हाचा एक कवडसा पडताच चमकून उठतो. वरून पाहणाऱ्याला फक्त हिरवट पाठ दिसते आणि ती झुडपांत मिसळून जाते. आपल्या पार्किंगच्या सिमेंटच्या फरशीवर यातले काहीच उपयोगी पडत नाही. तिथे तो चहूबाजूंनी उघडा पडतो आणि कावळ्यांच्या नजरेत भरतो. त्याला दाट सावली देणे हीच पहिली मदत आहे असे मी म्हणतो, त्याचे कारण हे.

आता त्याच्या पायांकडे पाहू. लांब, बळकट पाय हे जमिनीवर जगणाऱ्या पक्ष्याचे लक्षण आहे. नवरंग झाडावर झोपतो, धोका वाटला तर झाडाच्या खालच्या फांदीवर जाऊन बसतो, पण पोट भरतो ते जमिनीवर. झाडाखाली साचलेल्या पालापाचोळ्यात तो दोन्ही पाय एकत्र उचलून टुणटुण उड्या मारत फिरतो, थांबतो, मान किंचित तिरकी करून जमिनीकडे पाहतो, आणि चोचीने वाळलेली पाने बाजूला भिरकावून खालचे किडे, अळ्या, वाळवी, मुंग्या, गांडुळे आणि लहान गोगलगायी टिपतो. थांबलेला असताना आखूड शेपटी सावकाश खालीवर हलवण्याची त्याची लकब आहे. आपण लिहिले आहे की उचलण्यापूर्वी तो चालत नव्हता, नुसता उड्या मारत होता, म्हणून पाय मोडला असावा. साळुंकी एकामागून एक पाऊल टाकत चालते, नवरंग तसा चालत नाही. दोन्ही पायांनी सारखी उडी घेत असेल तर त्याचे पाय शाबूत आहेत.

यावरूनच खाण्याच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. ज्वारी, तांदूळ, भात, पोळी, बिस्किट, दूध यांपैकी कशालाही तो अन्न म्हणून ओळखत नाही. त्याची चोच दाणे फोडण्यासाठी घडलेली नाही आणि तो बहुतांशी हलणारे भक्ष्य टिपतो. आईंनी आपुलकीने ठेवलेले दाणे त्याने नाकारले याचा अर्थ तो आजारी आहे असा होत नाही. चोच उघडून अन्न आत कोंबण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये. तसेच ड्रॉपरने किंवा चमच्याने पाणीही पाजू नये. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते. वरून ओतलेले पाणी सहज तिथे शिरते आणि थकवा असलेला, एरवी वाचला असता असा पक्षी पाणी पाजल्यामुळे दगावतो.

मुलांनी तो गात का नाही असे विचारले आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नवरंगाचा आवाज म्हणजे दोन सुरांची स्पष्ट, खणखणीत शीळ: व्हीट्-ट्यू. पहिला सूर लांबवलेला, दुसरा खाली उतरणारा. कधी तीन सुरांचीही असते. ही शीळ घालताना तो मान मागे टाकून चोच आभाळाकडे करतो. पहाटे आणि संध्याकाळी, उजेड कमी असताना, तो सर्वांत जास्त बोलतो, आणि ढगाळ पावसाळी दिवसांत इतर वेळीही. दयाळ किंवा बुलबुल यांच्यासारख्या पक्ष्यांची पिल्ले आपले गाणे मोठ्यांचे ऐकून शिकतात. नवरंगाचे कुळ या गाणाऱ्या पक्ष्यांच्या शाखेपासून वेगळे आहे. त्यांच्या कंठाची रचना साधी असते आणि त्यांची शीळ उपजत असते. या कुळात जगभरात चाळीसहून अधिक जाती आहेत, त्यांतील बहुतेक आग्नेय आशियात. आपल्या देशाच्या ईशान्य भागात आणि पूर्व किनाऱ्यावरील खारफुटीत यांचे आणखी काही भाऊबंद आढळतात. महाराष्ट्रात दिसणारा मात्र हा एकच. प्रवासात तो बहुधा गप्प असतो. शीळ वाजते ती विणीच्या जागी पोहोचल्यावर, हद्द सांगण्यासाठी आणि जोडीदारासाठी. मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावून त्याला बोलके करण्याचा प्रयत्न कृपया करू नका. दमलेल्या पक्ष्याला प्रतिस्पर्धी आल्याचा भास करून देणे म्हणजे त्याची उरलीसुरली ताकद वाया घालवणे आहे.

मग हा जंगलचा पक्षी सोलापुरात कसा आला? थंडीचे महिने नवरंग दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. उन्हाळ्याच्या शेवटी तो उत्तरेकडे सरकतो आणि मध्य भारतातील डोंगराळ जंगले, सह्याद्रीचा उत्तर भाग, कोकण, आणि हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा इथे पावसाळ्यात वीण करतो. पाऊस पडून जमीन मऊ झाली, गांडुळे वर आली, पाचोळ्यात किडे माजले की पिल्लांचे पोट भरते, म्हणून त्याचे वेळापत्रक पावसाशी बांधलेले आहे. जमिनीवर किंवा खालच्या फांद्यांत तो वाळकी पाने, काड्या आणि गवत यांचे गोलाकार घरटे करतो आणि त्याला बाजूने दार ठेवतो. चार ते पाच पांढरी, चकचकीत, जांभळट ठिपक्यांची अंडी असतात. पावसाळा संपला की हीच मंडळी परत दक्षिणेला जातात.

सोलापूरच्या अवतीभवती त्याला मानवेल असे जंगल नाही. आपला मुलूख माळरानाचा, काटेरी झुडपांचा आणि शेतांचा. तो इथे राहायला येत नाही, वरून जातो. आणि जातो तो रात्री. रात्री हवा थंड असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात, आणि दिवसा उतरून खाता येते. अडचण होते ती मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि जूनच्या सुरुवातीला, कारण नेमक्या याच काळात संध्याकाळनंतर वळवाची वादळे उठतात. समोरून जोराचा वारा आणि पाऊस आला की पक्ष्याला मिळेल तिथे उतरावे लागते. ढग खाली आले की शहरातील प्रखर दिवे त्याची दिशा चुकवतात. तो दिव्यांकडे ओढला जातो आणि काचांवर आपटतो किंवा थकून इमारतींच्या मध्ये उतरतो. काल रात्रीचा वारा, आजची पहाट आणि आपले पार्किंग, हे सगळे या चित्रात बरोबर बसते. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत परतीच्या प्रवासातही असेच पक्षी सापडतात.

आता करायचे काय ते सांगतो. आपण त्याला खोक्यात ठेवले ते योग्य केले. खोका पुठ्ठ्याचाच असावा, तारेचा पिंजरा नको. घाबरलेला नवरंग एकदम वर उसळतो आणि तारांवर आपटून कपाळ, चोचीचे मूळ आणि पंखांची पिसे जखमी करून घेतो. खोक्याला चार-पाच लहान भोके पाडा, तळाशी वर्तमानपत्र आणि त्यावर जुने सुती कापड घाला. टॉवेल नको, कारण त्याच्या धाग्यांच्या फासात नखे अडकतात. खोका झाकून घरातील सर्वांत थंड, शांत खोलीत ठेवा. कूलरचा झोत थेट त्यावर येऊ देऊ नका, पण गच्चीखालच्या तापलेल्या खोलीतही ठेवू नका. सोलापूरच्या दुपारी बंद खोका तापायला वेळ लागत नाही. आत उथळ बशीत अर्धा पेर पाणी ठेवा. आणि त्यानंतर दर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहणे बंद करा. पक्ष्याला माणसाच्या हाताचा आणि चेहऱ्याचा लळा लागत नाही, धसका बसतो. अंधारात तो शांत होतो, आणि दमलेल्या पक्ष्यासाठी त्या दोन-तीन तासांची विश्रांती कोणत्याही औषधापेक्षा मोलाची असते. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, हे वेगळे सांगायला नको.

दोन-तीन तासांनी एकदाच तपासणी करा. खोलीचे दार-खिडक्या बंद करा, पंखा बंद करा, मग झाकण उघडा. निरोगी नवरंग पायांवर ताठ उभा असतो, अंग उचललेले असते, डोळे मोठे, काळे आणि टवटवीत असतात. पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून, पोट टेकवून बसलेला असेल तर तो अजून सावरलेला नाही. दोन्ही पंख अंगाला सारखे लागून आहेत का ते समोरून पाहा. एक पंख खाली लोंबत असेल तर हाडाला किंवा सांध्याला इजा असण्याची शक्यता आहे. मान एका बाजूला कलणे, गोल गोल फिरणे, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, चोचीतून रक्त येणे ही डोक्याला मार लागल्याची चिन्हे आहेत. यांपैकी काही आढळले तर सोडण्याचा विचार करू नका.

आणखी एक तपासणी मी स्वतः नेहमी करतो, ती आपणही करू शकाल. पक्ष्यावर हलके सुती कापड टाकून, पंख अंगाशी राहतील अशा रीतीने त्याला हळुवार धरा आणि छातीच्या मधोमध बोट फिरवा. तिथे उभे हाड असते. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले लागले आणि हाड जेमतेम जाणवले, तर पक्ष्याजवळ प्रवासाची शिदोरी शिल्लक आहे. हाड सुरीच्या पात्यासारखे टोकदार लागले आणि दोन्ही बाजूंना खोलगट वाटले, तर त्याची चरबी संपून तो आता स्वतःचे स्नायू जाळतो आहे. असा पक्षी बाहेरून कितीही सुंदर दिसला तरी तो त्याच संध्याकाळी सोडणे धोक्याचे असते. ही तपासणी अर्ध्या मिनिटात उरका. पक्षी चोच उघडून धापा टाकू लागला तर लगेच खोक्यात परत ठेवा. छाती मात्र दाबू नका, कारण पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो.

सोडण्याच्या वेळेबद्दल मतभेद आहेत, आणि ते परिस्थितीवरच अवलंबून आहे. पहाटे सापडलेला पक्षी तासाभरात तरतरीत झाला आणि ऊन चढलेले नसेल, तर सकाळीच सोडावा, म्हणजे त्याला पाचोळ्यात दिवसभर खाता येते. पण ऊन चढून कावळे सक्रिय झाल्यावर, आपल्याकडच्या चाळिशीच्या आसपासच्या तापमानात, सोडू नये. आपल्या बाबतीत ती सकाळची वेळ टळली आहे. म्हणून सूर्यास्ताच्या तास-सव्वातास आधीची वेळ मी सुचवेन. उजेड असतो, उन्हाचा जोर ओसरलेला असतो, थोडे खाता येते, झोपायला फांदी शोधता येते, आणि बळ असेल तर रात्री पुढे निघता येते. आज संध्याकाळी पुन्हा आभाळ भरून आले तर मात्र उद्याच्या पहाटेपर्यंत थांबा.

जागा कोणती? शक्यतो सापडला त्याच्या जवळची, पण दाट सावलीची आणि खाली पालापाचोळा असलेली. आपल्या आवारात तशी झाडी नसेल, तर विजापूर रस्त्यालगतचा सिद्धेश्वर वनविहार आपल्यापासून जवळ आहे. तेथील कर्मचाऱ्यांना सांगून, वर्दळीपासून दूरच्या दाट झाडीत सोडता येईल. दरवर्षी कोणीतरी पक्षी नान्नजला नेऊन सोडण्याचा विचार करतो, कारण ते अभयारण्य आहे. तो विचार सद्भावनेचा असला तरी चुकीचा आहे. नान्नजचे अभयारण्य १९७९ साली झाले ते माळढोकासाठी, म्हणजे उघड्या गवताळ माळासाठी. माळढोकाला हवे असते ते सगळे नवरंगाला नको असते. त्याला डोक्यावर छत्र आणि पायाखाली पाने हवीत. तलावाच्या काठावर, मैदानात किंवा गच्चीवरूनही सोडू नये. आणि हवेत भिरकावून तर कधीच सोडू नये. खोका झुडपाखाली आडवा ठेवा, झाकण उघडा आणि वीस-पंचवीस पावले मागे या. तो उड्या मारत बाहेर येईल. लगेच उडाला नाही म्हणून घाबरू नका. उड्या मारत पाचोळ्यात शिरणे हेच त्याचे घरी पोहोचणे आहे.

पक्ष्याला रात्रभर ठेवण्याची वेळ आलीच तर कुंडीतील किंवा खताच्या खड्ड्यातील जिवंत गांडुळे धुऊन, मोठी असतील तर तुकडे करून, बशीत थोड्या ओल्या मातीवर ठेवा. जुन्या लाकडातील वाळवी मिळाली तर उत्तमच. कीटकनाशक मारलेल्या जागेतील काहीही नको. अंधारात तो खाणार नाही, म्हणून सकाळी खोक्याची एक बाजू अर्धी उघडून मंद उजेड येऊ द्या. एका रात्रीनंतरही तो सावरला नाही, किंवा वर सांगितलेल्यांपैकी एखादे दुखण्याचे लक्षण दिसले, तर घरगुती उपाय थांबवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि पशुवैद्यांना दाखवा. कोणत्या दवाखान्यात पक्षी पाहणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत, हे आधी फोन करून विचारलेले बरे.

पिंजऱ्याबद्दल मुलांना स्पष्ट सांगा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नवरंगासारखा वन्य पक्षी पाळणे हा गुन्हा आहे, आणि उपचारापुरते ठेवल्यास वनविभागाला कळवणे योग्य. पण कायदा बाजूला ठेवला तरी, पाचोळ्यातील जिवंत किड्यांवर जगणारा आणि वर्षातून दोनदा शेकडो कोसांचा प्रवास करणारा पक्षी चौकोनी पिंजऱ्यात फार दिवस टिकत नाही. सोडण्याच्या वेळी मुलांना बरोबर न्या. पंख उघडल्यावर दिसणारा पांढरा ठिपका त्यांना तेव्हाच दिसेल.

म्हणजे आजचा क्रम असा: दुपारपर्यंत अंधार आणि शांतता, एकदाच तपासणी, सर्व ठीक असल्यास संध्याकाळी दाट सावलीत सुटका, नसल्यास वनविभाग आणि पशुवैद्य. जबरदस्तीने पाणी नाही, दाणे नाहीत, औषध नाही.

आपण शेवटी विचारले आहे की पुढच्या वर्षी असे पक्षी आले तर सोसायटीने काय करावे. याबद्दल माझे मत ठाम आहे. मे महिन्यात कडुनिंब, करंज आणि चिंचेखाली पडलेली पाने रोज झाडून जाळली जातात. आवार स्वच्छ दिसते, पण वादळात उतरलेल्या पक्ष्याला तिथे खायला एक किडाही मिळत नाही. आवाराच्या एका कोपऱ्यात, कुंपणाच्या भिंतीलगत, झाडाखालची पाने तशीच राहू द्या आणि उन्हाळ्यात संध्याकाळी त्यांवर थोडे पाणी मारा. चार-सहा आठवड्यांत त्याखाली ओल धरते, वाळवी आणि किडे येतात. नवरंगाखेरीज कस्तुरासारखे पाचोळा उलटणारे इतर पक्षीही तिथे येतील. त्या कोपऱ्यावर लावलेला रात्रभराचा प्रखर दिवा मे-जून आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात बंद ठेवता आला तर पाहा, आणि जिन्याच्या मोठ्या काचेला बाहेरून पडदा किंवा जाळी लावा. पक्षी आला की छायाचित्रकारांची गर्दी होते, ती मात्र आवरा. दोन-तीन माणसे लांबून, स्थिर बसून पाहत असतील तर नवरंग खात राहतो. माणसे मागे लागली की तो उपाशीच झाडावर जाऊन बसतो.

एक विनंती. आज पक्षी सापडल्याची वेळ, नेमकी जागा, काल रात्री वारा कोणत्या दिशेने होता आणि पाऊस किती वाजता सुरू झाला, हे कागदावर लिहून ठेवा आणि ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर छायाचित्रासह नोंदवा. सोलापुरातून नवरंग नेमके केव्हा जातात हे कळायला अशा नोंदींखेरीज दुसरा मार्ग नाही, कारण प्रवास करून निघून गेलेला पक्षी नंतर शोधून सापडत नाही. छातीच्या हाडाची तपासणी केल्यावर काय जाणवले तेही इथे कळवा, म्हणजे संध्याकाळी सोडायचा की थांबायचे हे मला अधिक खात्रीने सांगता येईल.